सीन ३१ आधी, सीन ४ नंतर

गुप्तहेर मालिकेच्या शूटिंगला पहिल्या दिवशी नटाच्या हातात पानं पडतात, त्यांवरचे सीनचे आकडे असे असतात: ३१, ३२, ९, १८, ४. बंगल्याचा हॉल एकच, म्हणून हॉलमधले सगळे सीन एका दिवसात. सीन ४ म्हणजे खुनानंतरची पहिली भेट. सीन १८ मध्ये धाकट्या मुलाचं खोटं उघडं पडतं आणि ३१ मध्ये सगळ्यांसमोर खुनी उभा केला जातो. म्हणजे सकाळी नऊच्या कॉलला खुनी पकडायचा आणि संध्याकाळी सहाला त्याच माणसाला 'अशा वेळी तुम्हाला त्रास देतोय, माफ करा' म्हणत पहिल्यांदा भेटायचं.

नाटकातून गुप्तहेर मालिकेत आलेल्या नटाची खरी अडचण ही आहे. आवाज मोठा लागतो, हात जास्त हलतात, या गोष्टींची चर्चा फार होते, पण त्या पंधरा दिवसांत जागेवर येतात. क्रम मात्र आपोआप जागेवर येत नाही. नाटकात पहिल्या अंकात पेरलेलं तिसऱ्या अंकात उगवतं आणि मधला वेळ नटाच्या अंगातून गेलेला असतो. तिसऱ्या अंकात आठवायचं काही नसतं, ते तासाभरापूर्वीच घडलेलं असतं. इथे तो वेळ अंगातून जातच नाही. तो कागदावर धरून ठेवावा लागतो, म्हणून मी वही ठेवतो.

साधी दोनशे पानी वही. भागाची पूर्ण संहिता मिळाली की आधी शूटिंगचा क्रम बाजूला ठेवून कथेचा क्रम मांडायचा. डावीकडे सीन क्रमांक आणि कथेतली वेळ: 'मंगळवार, रात्री साडेअकरा'. मग चार रकाने. मला आत्ता काय ठाऊक आहे. मला कशाचा संशय आहे. प्रेक्षकाला काय ठाऊक आहे. आणि शरीर कसं आहे: झोप झाली का, जेवलो का, पावसातून आलो का, जिना चढून आलो का. संहिता पूर्ण मिळाली नाही, आणि एपिसोडिक, म्हणजे एकाच भागापुरत्या, भूमिकेत बरेचदा फक्त आपल्याच सीनची पानं येतात, तर सहायक दिग्दर्शकाकडून वनलाइन मागून घ्यायची. प्रत्येक सीनची एक ओळ त्यात असते आणि वहीला तेवढी पुरते.

तिसरा रकाना, प्रेक्षकाचा, मी उशिरा शिकलो. तो सगळ्यांत महत्त्वाचा. समजा सीन ४ मध्ये घरातला नोकर म्हणतो, 'साहेब दहाला टीव्ही बंद करून झोपले.' सीन १८ मध्ये कळतं की त्या गल्लीत साडेनऊ ते अकरा वीजच नव्हती. सीन ३१ मध्ये याच एका वाक्यावर खुनी पकडला जातो. आता सकाळी ३१ करून आलेला नट संध्याकाळी ४ करताना 'टीव्ही' या शब्दावर क्षणभर थांबतो. त्याच्या नकळत थांबतो, कारण त्या शब्दाची किंमत त्याला माहीत झालेली असते. डोळा किंचित बारीक होतो, मान एक इंच वळते. क्लोजमध्ये, म्हणजे चेहरा जवळून घेतलेल्या शॉटमध्ये, ते दिसतं, आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला चौथ्या मिनिटाला धागा सापडतो. पुढची चाळीस मिनिटं तो नुसता वाट बघतो. लेखकाने आठवडाभर लपवलेलं अर्ध्या सेकंदात उघडं होतं.

उलट प्रकारही तितकाच अवघड. काही सीनमध्ये तपास करणाऱ्याला कळलेलं असतं, पण प्रेक्षकाला अजून सांगायचं नसतं. तिथे चेहरा कोरा ठेवायला गेलं की नट काहीतरी लपवतोय हेच दिसतं. अशा जागी मी हाताला खरं काम देतो. चष्मा पुसणं, पेनाला टोपण लावणं, डायरीची पानं सरळ करणं. काम खरं असलं की डोळे त्या कामात जातात आणि चेहऱ्यावर झाकण आपोआप बसतं. नाटकात आपण कोऱ्या हातांनी उभं राहायला शिकलेलो असतो. इथे ते शिक्षण थोडं मागे ठेवावं लागतं.

वही बिघडते ती पानं बदलल्यावर. रात्री अकराला सुधारित सीन फोनवर येतात. सीन १२ मधला पुरावा सीन २० मध्ये गेलेला असतो आणि १३ ते १९ मधल्या 'मला काय ठाऊक' या रकान्यातल्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतात. सात सीन पुन्हा वाचायचे. त्यातला एखादा मागच्या आठवड्यात शूट झालेला असेल तर लगेच सहायकाला सांगायचं, सेटवर पोचल्यावर नाही. एक वाक्य डबिंगमध्ये बदलून निभावतं का, हे तेव्हाच ठरवता येतं.

या वहीत माझा शोध काहीच नाही. इंग्लंडमध्ये डेव्हिड सूशे हा रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेला नट १९८९ ते २०१३ अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो करत होता, सत्तर भाग. सुरुवात करण्यापूर्वी त्याने मूळ कथा वाचून या माणसाच्या ९३ नोंदी काढल्या होत्या, चहात साखर किती इथपासून. पंचवीस वर्षांत दिग्दर्शक बदलले, लेखक बदलले, माणूस तोच राहिला. नाटकात ही नोंद ठेवायची जबाबदारी तालमीवर असते. दोनशे प्रयोगांनंतरही पात्र हलत नाही, कारण तीस दिवसांची तालीम खाली पाया म्हणून असते. मालिकेत तालीम म्हणजे लायटिंग होईपर्यंतची दहा मिनिटं. पाया घरी बांधून आणावा लागतो.

आपल्याकडची उदाहरणंही रंगभूमीचीच आहेत, आणि ती योगायोगाने झालेली नाहीत. १९८५ च्या 'करमचंद'मधले पंकज कपूर राष्ट्रीय नाट्य विद्यालयातले. १९९३ च्या 'ब्योमकेश बक्षी'तले रजित कपूर मुंबईच्या नाटकातले, आणि ब्योमकेशचा मित्र अजित झालेले के. के. रैना पुन्हा नाट्य विद्यालयातले. शिवाजी साटम बँकेत नोकरी करत आंतर-बँक नाट्यस्पर्धांतून आणि मराठी रंगभूमीवरून आले. 'सीआयडी'चे निर्माते बी. पी. सिंग यांच्याच मराठी 'एक शून्य शून्य'मध्ये त्यांनी पोलीस अधिकारी आधी केला होता, 'सीआयडी' नंतर आली. ती २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. गुप्तहेराच्या भूमिकेत संवाद प्रचंड, आणि त्यातले बहुतेक प्रश्न. प्रश्न विचारून ऐकत राहायचं, तेही प्रत्येक भागात नवा नट समोर असताना. ज्याला पाठांतराची धास्ती आहे तो ऐकू शकत नाही, त्याचं लक्ष स्वतःच्या पुढच्या वाक्यावर असतं. रंगभूमीने पाठांतराची धास्ती काढून टाकलेली असते, त्याचा मोठा उपयोग इथे होतो.

शिरकाव कसा होतो ते थोडक्यात. बहुतेकांची सुरुवात एका भागापुरत्या भूमिकेने होते: साक्षीदार, शेजारी, संशयित. ऑडिशन अंधेरी-वर्सोव्याला, आराम नगरच्या बंगल्यांमध्ये, किंवा घरून फोनवर रेकॉर्ड करून. घरून करताना फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, समोरून खिडकीचा उजेड, पंखा बंद. आधी नाव, उंची, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा. मग सीन. क्यू, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं, देणारा माणूस कोरं वाचतो, त्यावर रागवायचं नाही, शूटिंगलाही कधी कधी तसंच असतं. नाटकाच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाठवू नये. लांबून घेतलेल्या चौकटीत नट बोटभर दिसतो आणि आवाज सभागृहाचा येतो, त्यावरून कास्टिंगवाल्याला काही ठरवता येत नाही.

एपिसोडिक काम करताना एक हिशेब लक्षात ठेवावा. खुनी झालात तर त्या मालिकेत पुढचे बरेच महिने तोंड दाखवता येत नाही, प्रेक्षक ओळखतो. शेजारी किंवा डॉक्टर झालात तर लवकर परत बोलावतात. मोठी भूमिका हवी म्हणून प्रत्येक वेळी खुनीच मागणारा नट वर्षात दोन भाग करतो.

तारखांचं गणित सगळ्यांत जास्त नाटकवाल्यांचं चुकतं. नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधी वाटल्या जातात आणि मालिकेचं शेड्यूल दोन-तीन दिवस आधी येतं. त्यामुळे करार करतानाच नाटकाच्या तारखा लेखी द्याव्या. 'शनिवारी प्रयोग आहे' एवढं लिहून भागत नाही. 'शनिवार, दुपारी दोनला मोकळं करणे' असं लिहावं. गोरेगावच्या चित्रनगरीतून दादरच्या शिवाजी मंदिरला रात्री साडेआठच्या प्रयोगाला पोचायचं तर शनिवारी संध्याकाळी दोन तास धरायचे, मेकअप उतरवायचे वेगळे. घोडबंदर रोडवरचा सेट असेल तर ठाण्याचं गडकरी रंगायतन जवळ, पण पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह लांब. तोंडी मोकळीक मिळते आणि त्या दिवशी क्लायमॅक्स असला की ती राहत नाही. तिसरी घंटा कुणासाठी थांबत नाही, हे मालिकेच्या प्रॉडक्शनवाल्यांना माहीत नसतं, त्यांना ते आधी सांगावं लागतं.

आता चौकशीचा सीन. या मालिकांचा तो कणा आहे, म्हणून तो जरा जवळून बघू. टेबल, समोर संशयित, मधे एक फोटो आणि पाण्याचा ग्लास. तीन पानं. दोन कॅमेरे.

आधी कोरी रिहर्सल: कोण कुठे बसतो, मी कधी उठतो, फोटो कोणत्या शब्दावर सरकवतो. मग मास्टर, म्हणजे पूर्ण सीन लांबून. नाटकवाला इथे खुलतो आणि सगळं देऊन टाकतो. ती चूक आहे. मास्टर एडिटिंगमध्ये सुरुवातीला आणि शेवटी वापरला जातो, मधलं सगळं क्लोज आणि ओएसमध्ये जातं. ओएस म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा. मास्टर झाल्यावर ज्या बाजूला लायटिंग झालंय त्या बाजूचे सगळे शॉट आधी संपवतात. संशयिताची बाजू आधी लागली तर त्याचा ओएस, त्याचा क्लोज, त्याचे हात, सगळं होईपर्यंत तासभर जातो. मग लाइट फिरवायला अर्धा-पाऊण तास. माझा क्लोज येतो तेव्हा मास्टर होऊन दोन तास झालेले असतात. ताकद तेव्हा लागते, ती तोपर्यंत राखून ठेवायची.

पण समोरच्याच्या क्लोजला क्यू मात्र पूर्ण द्यायचा. कॅमेऱ्याच्या शक्य तितकं जवळ डोकं आणून बसायचं, म्हणजे त्याची नजर लेन्सच्या जवळ येते आणि त्याचे दोन्ही डोळे प्रेक्षकाला मिळतात. नाटकात सहकलाकाराला सोडून विंगेत जाऊन बसायची सोय नसते, म्हणून ही सवय आपल्याला असतेच. ती इथल्या घाईत घालवू नये. माझा क्यू कोरा असेल तर त्याचं खोटं बोलणंही कोरं होतं, आणि मग माझ्या तपासाला काही अर्थ उरत नाही.

माझ्या क्लोजला नजरेचा प्रश्न येतो. समोरच्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत आपण आलटून पालटून बघतो. दहा फुटांवरून ते कळत नाही, क्लोजमध्ये बुबुळं इकडून तिकडे पळताना दिसतात आणि तपास करणारा घाबरल्यासारखा वाटतो. म्हणून समोरच्याचा एकच डोळा धरायचा, लेन्सच्या बाजूचा. रंगमंचावर नजर बाल्कनीपर्यंत फिरवायची सवय असते, ती इथे जाते. मानही तशीच. रंगमंचावर ऐकतोय हे दाखवायला आपण मान डोलावतो, अंग वळवतो. क्लोजमध्ये प्रत्येक वाक्याला मान हलली की दोन नुकसानं होतात. एक, प्रत्येक डोलणं मास्टरशी जुळवावं लागतं, नाही जुळलं तर एडिटरला तो शॉट टाकून द्यावा लागतो. दुसरं, मान हलवणं म्हणजे 'पटलं'. तपास करणाऱ्याला काहीच पटता कामा नये. ऐकताना श्वास एवढंच हत्यार. समोरचा खोटं बोलला की श्वास आत घेऊन धरायचा आणि पुढच्या प्रश्नाच्या आधी सोडायचा. बाहेरून जवळजवळ काही होत नाही, तरी कॅमेऱ्याला कळतं.

क्यू उचलण्याचंही तसंच. नाटकात समोरच्याचं शेवटचं अक्षर पडायच्या आत आपण वाक्य उचलतो, तालीम मास्तर तेच घोटून घेतात, नाहीतर प्रयोग पडतो. एकेकट्याच्या शॉटमध्ये वाक्यावर वाक्य चढलं तर आवाज कापता येत नाही. समोरच्याचा क्लोज आणि त्यावर माझा अर्धा शब्द, तो कुठेच जोडता येत नाही. अर्धा सेकंद जागा सोडायची. गती एडिटर देतो. दोघे एकाच चौकटीत असतील आणि दिग्दर्शकाला झटापट हवी असेल तेव्हा चढवायचं, विचारून.

फोटो आणि ग्लास. 'ही बाई' या शब्दांतल्या 'बाई'वर फोटो सरकवला, उजव्या हाताने, दोन बोटांनी, तर पुढच्या प्रत्येक टेकला तसाच. ग्लासातलं पाणी किती होतं ते स्पॉटदादा लक्षात ठेवतात, पण मागच्या बाजूला चिकटपट्टीची बारीक खूण करून घेतली तर सगळ्यांचं काम सोपं होतं. करमचंदच्या हातात गाजर असायचं. खाण्याची वस्तू पात्राला चिकटली की प्रत्येक टेकला नवी वस्तू लागते आणि ती कोणत्या शब्दापर्यंत किती संपली होती याचा हिशेब नटाच्या डोक्यात राहावा लागतो. म्हणून लकब निवडताना ती कंटिन्युटीला, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळवण्याला, किती छळेल हे आधी तपासावं. आवडीची लकब पन्नास भाग वागवायची असते.

उठणं-बसणं सावकाश, नाहीतर कॅमेरामनच्या चौकटीतून डोकं निसटतं. जमिनीवर टेपची खूण असते तिथे खाली न बघता थांबायचं. त्यासाठी खुणेवर उभं राहून उलटं चालत सुरुवातीच्या जागेपर्यंत यायचं आणि पावलं मोजायची. पाच पावलं तर पाच. रंगमंचावर आपण लाइटच्या उबेने स्पॉट ओळखतो, ती जाणीव इथे फार उपयोगी पडते.

आवाजात चूक होते ती लेव्हल देताना, म्हणजे माईकसाठी आवाजाची पातळी ठरवताना. साउंडवाला म्हणतो, 'सर, दोन वाक्यं बोला.' नट संकोचाने हळू बोलतो. तो त्यावर माईक लावतो. टेकला नट नाटकातला होतो आणि आवाज फाटतो. लेव्हल देताना सीनमधलं सगळ्यांत मोठं वाक्य तेवढ्याच जोराने म्हणून दाखवावं. लेपल माईक शर्टाच्या आत असेल तर कडक इस्त्रीचा किंवा सिंथेटिक कपडा घासतो, ड्रेसदादांना मऊ सुती मागावं. छातीवर हात मारून बोलायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

रस्त्यावरचे, समुद्राकाठचे सीन डबिंगला जातात. तिथे नाटकवाला माईकच्या पलीकडच्या काचेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून बोलतो. माईक एक वीतभर अंतरावर असतो आणि ऐकणारा तोच. पाठलागाचा सीन असेल तर उभ्याने करावा, जागेवर थोडं धावून दम चढवून घ्यावा आणि मग बोलावं. बसून दम आणला तर तो नाकातून आणलेला कळतो. चौथ्या रकान्यातली शरीराची नोंद दीड महिन्यानंतर इथे कामाला येते: त्या सीनला जिना चढून आलो होतो की लिफ्टने.

शेवटचा उलगडा हा नाटकवाल्याचा हक्काचा प्रांत. सगळे संशयित हॉलमध्ये, चार-पाच पानांचं सलग बोलणं. सगळ्यांना वाटतं हा आता एका दमात म्हणेल. म्हणतोही. पण निम्म्या वाक्यांवर पडद्यावर फ्लॅशबॅक असतो, आपला चेहरा नसतो. कोणती वाक्यं चित्रावर जाणार हे दिग्दर्शकाला आधी विचारावं आणि संहितेत खूण करावी. ती वाक्यं सरळ, थोडी सावकाश, रंग न चढवता, कारण तिथे चित्र बोलणार आहे. चढ राखायचा तो चेहऱ्यावर परत येणाऱ्या वाक्यांसाठी. आणि सात संशयित असतील तर कोण कुठे बसलाय हे वहीत काढून ठेवायचं. क्लोजच्या वेळी ते समोर नसतात, त्यांच्या जागी स्टँडला चिकटपट्टी असते. 'तुम्ही, मिसेस देसाई' म्हणताना नजर देसाईबाईंऐवजी नोकराच्या जागेवर गेली तर सीन गेला.

याच ठिकाणी 'सीआयडी'चा २००४ मधला तो भाग आठवतो, १११ मिनिटं, एकही कट नाही. गिनीज आणि लिम्का बुकात त्याची नोंद आहे. कॅमेरा घरभर फिरतोय, नट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्याच्या मागून धावत पुढच्या जागेवर पोचतोय, चुकलं तर पहिल्यापासून. मालिकेच्या जगात तो विक्रम ठरला. नाटकवाल्याला त्यात रोजचा प्रयोग दिसतो, विंगेतून पळत जाऊन दुसऱ्या दारातून शांतपणे प्रवेश करण्याचा. रंगभूमीचं शिक्षण पडद्यावर इतकं उघडपणे क्वचित कामाला आलं असेल, आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो.

पोलिसी कामाची माहिती नटाने स्वतः मिळवावी. लेखकाला सात दिवसांत भाग द्यायचा असतो. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले. खून आता तीनशे दोन नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. जिभेला तीनशे दोनची सवय आहे आणि संहितेतही तेच येतं, आजच्या काळातला भाग असेल तर विचारून दुरुस्त करावं. साक्षीदाराचा जबाब पोलीस लिहून घेतात त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. पडद्यावर हमखास घेतात. साक्षीदार बाई असेल तर जबाबासाठी तिला ठाण्यावर यायची सक्ती करता येत नाही, तपास करणाऱ्याने तिच्या घरी जायचं. हे कळलं की सीनची जागाच बदलते: तिचं घर, तिचा चहा, आणि खुर्ची कुठे ठेवायची हे ती ठरवणार. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, झडती-जप्तीचं चित्रीकरणही. म्हणजे मोबाइल धरून उभा असलेला शिपाई आता चौकटीत हवा. मुंबईतला तपास स्थानिक पोलीस ठाणं किंवा शहराची गुन्हे शाखा करते आणि राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, हेही कार्ड दाखवण्याच्या सीनला माहीत असावं.

आणि कबुली. जवळजवळ प्रत्येक भाग 'हो, मीच मारलं' या वाक्याशी संपतो. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं चालतं. मला ही माहिती अभिनयासाठी फार मोलाची वाटते. कबुली ऐकताना अनेक नट विजयी होतात, खांदे सैल सोडतात. खऱ्या अधिकाऱ्याचं काम त्या क्षणी संपत नाही. त्याला अजून चाकू हवा असतो. खांदे तसेच ठेवून 'कुठे टाकलास?' एवढं विचारलं की सीन एकदम खरा होतो, आणि लेखकही बहुतेक वेळा ते वाक्य ठेवतो.

पैशांबद्दल. नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रयोग संपल्यावर पाकिटात मिळते. मालिकेचे पैसे दिवसावर ठरतात, बिल दिल्यापासून साधारण नव्वद दिवसांनी येतात, दहा टक्के टीडीएस कापून. शिफ्ट बारा तासांची, त्यापुढचं काय ते करारात लिहून घ्यावं. प्रवासखर्च, स्वतःचे कपडे वापरले तर त्याचं, डबिंगचा दिवस वेगळा धरणार की नाही, हे तिन्ही प्रश्न आधी विचारायचे. डबिंगचा दिवस मी बरीच वर्षं विचारत नव्हतो, आणि तो फुकट गेला. नोकरी सोडून येणाऱ्या नाटकवाल्याने चार महिन्यांचा खर्च बाजूला काढूनच यावं. कलाकारांच्या संघटनेचं, सिंटाचं, सदस्यत्व लवकर घ्यावं. थकलेल्या बिलासाठी एकट्याने फोन करत बसण्यापेक्षा संघटनेकडून गेलेलं पत्र उपयोगी पडतं.

पाच-सहा वर्षं इन्स्पेक्टर केल्यावर दुसरं कुणी काही देत नाही, ही तक्रार खरी आहे. ती टाळायची तर वर्षाला एक नाटक धरावं, आणि त्यात वर्दी नसावी. दुसरंही कारण आहे. सहा महिने फक्त मालिका केली की श्वास आखूड होतो, दोन-दोन ओळींचे तुकडे बोलायची सवय लागते. तालमीला पहिल्या आठवड्यात लांब वाक्याच्या मध्यात दम संपतो तेव्हा ते कळतं. सकाळी पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन केलं, एका श्वासात पूर्णविरामापर्यंत, तर दोन्हीकडचं टिकतं.

भाग लागतो त्या रात्री मी वही काढून बसतो. पडद्यावर आता सगळं कथेच्या क्रमाने येतं, ४, ९, १८, ३१. प्रत्येक सीनला पेन्सिलने बरोबरची खूण किंवा लाल गोल. 'टीव्ही बंद करून झोपले' या वाक्यावर माझे डोळे नोकराच्या चेहऱ्यावर आहेत की त्या शब्दावर, एवढंच बघायचं असतं. मग पान उलटून पुढच्या भागाची वनलाइन.